दुरून आलेला हुकूम खरा कशावरून? नेम सर्व्हरच्या किल्लीचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #उल्हासनगर #अंबरनाथ #बदलापूर

१/
रेल्वे फाटकावरील दूरध्वनी खणखणतो. गाडी येत असल्याचे स्टेशन मास्तर कळवतात. गेटमन फाटक लावतो. पण "फाटक बंद" एवढेच सांगून त्याचे काम संपत नाही. समोरच्या छापील तक्त्यातील एक दोन आकडी क्रमांक तो उच्चारतो. तो क्रमांक दोन्ही टोकांना वहीत उतरवला जातो आणि तक्त्यावर खोडला जातो. रेल्वेच्या बोलीत याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात.

२/
आवाज रोजच्या ओळखीचा असला तरी क्रमांक द्यावाच लागतो, कारण तारेपलीकडचा माणूस दिसत नाही. कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरच्या दिशेने लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आमच्या या पट्ट्याचे जगणे दुरून मिळणाऱ्या सूचनांवर चालत आले आहे. आज याच प्रश्नाचे एक आधुनिक रूप पाहू. इंटरनेटवरील नावांची वही सांभाळणाऱ्या सर्व्हरला दुसऱ्या गावात बसून एका ओळीत हुकूम सोडता येतो. तो हुकूम खऱ्या कारभाऱ्याचाच आहे, हे त्या यंत्राला कसे उमगते?

३/
आधी नाव आणि क्रमांक यांचा संबंध समजून घेऊ. त्यासाठी उल्हासनगरपेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून वसाहतीला नाव मिळाले. नाव नवे होते. पत्ता मात्र छावणीचाच राहिला. कॅम्प नंबर अमुक, बॅरेक नंबर तमुक.

४/
आजही रिक्षावाल्याला "उल्हासनगर" एवढेच सांगून भागत नाही. "कॅम्प चार" किंवा "कॅम्प पाच" म्हणावे लागते. नाव माणसाच्या तोंडी बसते, क्रमांक पोहोचवणाऱ्याच्या उपयोगी पडतो. दोहोंची सांगड कोणाच्या तरी वहीत लिहिलेली असते. ती वही ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचे पत्र कोठे जाईल याचा निर्णय.

५/
इंटरनेटची रचना हीच. माणसे नावे टंकतात, यंत्रे आकडी पत्त्यावर जातात. सत्तरच्या दशकात, आर्पानेटच्या काळात, ही सांगड एकाच फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे माहिती केंद्र ती सांभाळत असे आणि त्या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवे यंत्र जोडायचे तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचे. ते फाइलमध्ये नोंद करणार. मग सर्वांनी ती फाइल उतरवून घ्यायची.

६/
यंत्रे वाढली तशी ही एकवही व्यवस्था कोलमडू लागली. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा आराखडा मांडला. त्याचे मर्म असे की सर्व नावांची एक वही नको. प्रत्येक हद्दीची नोंद त्या हद्दीच्या कारभाऱ्याकडे असावी. गावचा सातबारा जसा त्या सज्जाच्या तलाठ्याकडे सापडतो, तसेच हे. अशा एका हद्दीला 'झोन' म्हणतात आणि तिची वही उघडी ठेवून विचारणाऱ्यास उत्तर देणारे यंत्र म्हणजे नेम सर्व्हर.

७/
या आराखड्यावरून बर्कली विद्यापीठातील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९८४ च्या सुमारास एक प्रणाली लिहिली. डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि साँगनियान झोऊ ही ती नावे. प्रणालीचे नाव 'बाइंड'. चाळीस वर्षांनंतरही जगातील असंख्य नेम सर्व्हर तिच्याच पुढच्या आवृत्त्यांवर चालतात. (पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून काही टिकाऊ घडू शकते, हे आम्हां इतिहासवाल्यांना अधूनमधून ऐकायला बरे वाटते.)

८/
आता हुकमाकडे वळू. नेम सर्व्हर सुरू झाला की वही वाचून स्मरणात ठेवतो. वहीत बदल केला तर "पुन्हा वाच" असे त्याला सांगावे लागते. प्रारंभीच्या काळात हे सांगण्याची रीत म्हणजे युनिक्सचा 'सिग्नल'. कारभारी त्याच यंत्रावर लॉगिन करून 'हप' नावाचा संकेत पाठवी. 'हप' म्हणजे 'हँग अप', फोन ठेवला जाणे. मूळ अर्थ एवढाच की टर्मिनलची तार तुटली. पुढे पार्श्वभूमीवर चालणाऱ्या प्रणालींनी त्याच संकेताला "वही पुन्हा वाच" असा नवा अर्थ दिला. शब्दांच्या व्युत्पत्तीत रमणाऱ्यांनी हा प्रवास टिपून ठेवावा.

९/
येथे अधिकाराचा पुरावा कोणता होता? तुम्ही त्या यंत्रात शिरलेले आहात, हाच. वाड्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाचा शब्द वाड्यात चालतो, तसे. पुढे संकेतांची जागा 'एनडीसी' या छोट्या नियंत्रण-साधनाने घेतली. तरी वाड्यात शिरावे लागेच. दुरून शिरायचे तर टेलनेटने. आणि टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच तारेवरून जाई. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेल्यानंतर टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. बंद पालखीतून जाण्याची ती सोय.

१०/
त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परंतु भारताच्या नावांची वही त्याआधीच उघडली होती, तीही आपल्या मुंबईत. 'डॉट इन' ही हद्द भारताला १९८९ मध्ये मिळाली आणि तिचा कारभार जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. १९८६ मध्ये आरंभलेल्या अर्नेट या शैक्षणिक नेटवर्कचीही ही संस्था एक भागीदार. पुढे ती सीडॅकमध्ये विलीन झाली.

११/
तो काळ मोजक्या नावांचा होता. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत 'डॉट इन' खाली सुमारे ७००० नावे नोंदली गेली. नियम कडक होते. जानेवारी २००५ मध्ये नोंदणी निक्सी या संस्थेकडे गेली, नियम सैल झाले आणि काही वर्षांतच नावांची संख्या लाखांत पोहोचली. वही फुगली की ती बदलण्याचे हुकूमही वाढतात. प्रत्येक वेळी यंत्रापाशी जाऊन उभे राहणे कोणालाच शक्य नसते.

१२/
केवळ शब्दावर हुकूम चालण्याचा काळ कसा संपला, याची एक चटका लावणारी कथा आहे. २८ जानेवारी १९९८. इंटरनेटच्या नावांचे मूळ, म्हणजे 'रूट', सांभाळणाऱ्या काही सर्व्हरांच्या चालकांना जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पाठवला: यापुढे मूळ वही नेहमीच्या ठिकाणाहून न घेता आमच्या यंत्रावरून घ्या. अमेरिकी सरकारच्या कक्षेबाहेरच्या आठ चालकांनी तसे केले. शिक्का नव्हता, आदेश नव्हता. पोस्टेल यांचा शब्द होता, तेवढा पुरला.

१३/
अमेरिकी सरकारने हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत सारे पूर्ववत झाले. त्याच वर्षी आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल यांचे निधन झाले. त्यांचा हेतू काय होता यावर आजही वाद होतो. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. ज्या व्यवस्थेत एका आदरणीय माणसाचे पत्र पुरेसे ठरते, त्या व्यवस्थेत त्याच्या नावाचे खोटे पत्रही पुरेसे ठरू शकते. रेल्वेने ओळखीच्या आवाजावर विसंबणे का टाळले, ते येथे कळते.

१४/
२००० मध्ये बाइंडची नववी आवृत्ती आली. ती नव्याने लिहिलेली होती. तिच्यासोबत आले 'आरएनडीसी'. 'एनडीसी'च्या आधी लागलेला 'आर' म्हणजे 'रिमोट', अर्थात दूरस्थ. आता कारभाऱ्याला वाड्यात शिरण्याची गरज उरली नाही. तो आपल्या यंत्रावरून एक ओळ टंकतो, ती ९५३ क्रमांकाच्या पोर्टवर जाते आणि नेम सर्व्हर ती पाळतो. अट एकच. दोन्ही टोकांना एकच गुप्त किल्ली ठेवलेली असली पाहिजे.

१५/
ही किल्ली तारेवरून कधीच जात नाही, यात सारी गंमत आहे. हुकमाचा मजकूर आणि किल्ली एकत्र घोटून एक ठसा काढला जातो. मजकुरासोबत फक्त ठसा जातो. पलीकडचे यंत्र आपल्याजवळच्या किल्लीने तसाच ठसा काढून ताडून पाहते. मराठेशाहीच्या पत्रांत आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तबानंतर कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. हा ठसा तेच काम करतो, पण एक पाऊल पुढे जाऊन. मोर्तब प्रत्येक पत्रावर सारखेच उमटे; हा ठसा मजकुरातले एक अक्षर बदलले तरी बदलतो.

१६/
लक्षात घ्या, मोर्तबामुळे पत्र गुप्त राहत नसे; ते खरे ठरत असे. आरएनडीसीचेही तसेच. हुकूम कोणी वाटेत वाचू शकेल, पण फेरफार करू शकणार नाही. मग कालचेच अस्सल पत्र चोरून कोणी आज पुन्हा सादर केले तर? त्यावर उपाय म्हणून प्रत्येक हुकमात वेळ आणि अल्प मुदत लिहिलेली असते. मुदत टळली की पत्र रद्दी. वापरलेला प्रायव्हेट नंबर खोडण्यामागेही हेच तत्त्व आहे.

१७/
म्हणूनच जोडणी फसली की हे साधन जी संभाव्य कारणे सांगते, त्यांत "किल्ली चुकीची असेल", "तुम्हाला परवानगी नसेल" यांच्यासोबत "दोन्हीकडची घड्याळे जुळत नसतील" हेही असते. मुंबईकरांना हे नवे नाही. एके काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे आणि शहर स्वतःच्या वेळेवर चाले. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत जुनी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत रेंगाळली. दोन ठिकाणांचा व्यवहार जुळायचा तर घड्याळे आधी जुळावी लागतात.

१८/
हुकूम कोणते? शब्द मोजकेच. 'स्टेटस' म्हणजे प्रकृती सांग. 'रिलोड' म्हणजे वही पुन्हा वाच. 'फ्लश' म्हणजे इतरांकडून ऐकून लक्षात ठेवलेली उत्तरे विसर. 'क्वेरीलॉग' म्हणजे कोण काय विचारते ते लिहून ठेव, अथवा थांबव. 'फ्रीझ' म्हणजे वहीत मी हाताने लिहीपर्यंत आपोआप होणारे बदल रोख. 'थॉ' म्हणजे आता चालू कर. आणि 'स्टॉप'.

१९/
'स्टॉप'पाशी क्षणभर थांबू. आरएनडीसीने दुरून सर्व्हर बंद करता येतो. आरएनडीसीने तो सुरू करता येत नाही. कारण बंद पडलेल्या सर्व्हरच्या दारात हुकूम ऐकायला कोणी उभेच नसते. मग दुसऱ्या वाटेने यंत्रात शिरावे लागते, नाहीतर प्रत्यक्ष जावे लागते. दूरस्थ सत्तेची मर्यादा यापेक्षा नेमकी सांगता येणार नाही.

२०/
प्रत्यक्ष जावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या भागाला २६ जुलै २००५ ने शिकवले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदी बदलापुरात शिरली, लोकल ठप्प झाल्या. मुंबईत कामाला गेलेले परतू शकले नाहीत आणि घरी असलेले मुंबईला जाऊ शकले नाहीत. योगायोग असा की त्याच वर्षी 'डॉट इन' सर्वांना खुले झाले होते आणि मूळ सर्व्हरांपैकी 'आय' या सर्व्हरची प्रतिकृती मुंबईत बसवली गेली. घरातून यंत्र हाकता येणे ही लोकलने तास-दीड तास प्रवास करणाऱ्यांसाठी चैन नव्हे.

२१/
माझा एक बदलापूरकर मित्र हेच काम करतो. एका रात्री त्याच्या शेजारी बसून मी पाहत होतो. एका संस्थेचा पत्ता बदलायचा होता. त्याने वहीत नवा आकडा लिहिला, 'रिलोड' दिले, यंत्राने होकार दिला. तरी निम्म्या लोकांना जुनाच पत्ता मिळत राहिला. अर्ध्या तासाने चूक सापडली. वहीच्या शिरोभागी एक अनुक्रमांक असतो, तो वाढवायचा राहिला होता. दुय्यम सर्व्हर फक्त तो क्रमांक पाहतात. वाढला नसेल तर नवी प्रत घेत नाहीत. हुकूम अस्सल होता, पाळलाही गेला, पण नोंदच अपुरी होती. कागदपत्रांवर तारीख नसली की आम्हां अभ्यासकांची जी गत होते, तीच त्या दुय्यम सर्व्हरांची झाली.

२२/
मोठ्यांचीही फजिती होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास नाहीसे झाले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कचा कणाच तुटला. असे हुकूम अडवण्यासाठी असलेल्या तपासणी साधनातही दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्याचे पाहून त्यांच्या नेम सर्व्हरांनी आपला मार्ग जगाला सांगणे थांबवले. दुरून दुरुस्तीची साधनेही त्याच नेटवर्कवर आणि त्याच नावांवर विसंबून होती. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर पाठवावे लागले आणि कडक पहाऱ्यातून आत शिरण्यातही वेळ गेला. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावे, तसा प्रकार.

२३/
सप्टेंबर २०२३ मध्ये बाइंडच्या याच नियंत्रण-वाटेत एक दोष जाहीर झाला. आलेला हुकूम सर्व्हर आधी पूर्ण वाचत असे आणि ठसा नंतर तपासत असे. त्यामुळे किल्ली नसलेल्या माणसानेही विचित्र घडणीचा संदेश पाठवला, तर तो वाचता वाचताच सर्व्हर कोसळू शकत होता. दुरुस्ती लगेच आली. पण बोध जुनाच आहे. मोर्तब पाहण्याआधी लखोट्यातले वाचत बसू नये, आणि अनोळखी माणसाला देवडीपर्यंतही येऊ देऊ नये.

२४/
या देवडीची व्यवस्था सोपी आहे. मुळात हे दार फक्त त्याच यंत्रापुरते उघडे असते. दुरून वापरायचे तर कारभाऱ्याने ते जाणीवपूर्वक उघडावे लागते: कोणत्या पत्त्यांवरून हुकूम स्वीकारायचा, कोणती किल्ली मानायची, हे लिहून. शहाणे लोक ९५३ चे दार साऱ्या जगासाठी उघडत नाहीत. एसएसएचच्या बंद वाटेने किंवा खासगी नेटवर्कमधूनच तेथे पोहोचतात. किल्लीची फाइल दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही अशी ठेवतात, आणि माणूस काम सोडून गेला की किल्ली बदलतात.

२५/
हे शेवटचे वाक्य तांत्रिक वाटेल, पण माझ्या मते या धाग्याचा गाभा तेथेच आहे. आज आपल्या तिन्ही गावांतील पतपेढ्या, शाळा, वाचनालये, लहान कारखाने यांची ओळख एका इंटरनेट नावावर उभी आहे. अनेक ठिकाणी त्या नावाची किल्ली एखाद्या ओळखीच्या मुलाकडे किंवा कधीतरी काम केलेल्या ठेकेदाराकडे असते. तो माणूस वाईट नसतो. तो फक्त उद्या उपलब्ध नसतो. संस्थेची इमारत, दप्तर, शिक्का यांचा ताबा कार्यकारिणीच्या ठरावाने बदलतो. नावाच्या किल्लीचा ठराव मात्र कोणी करत नाही.

२६/
नावे आता आपल्या लिपीतही आली आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील '.भारत' ही हद्द सुरू झाली आणि तिच्या आरंभीच्या आठ भाषांत मराठीसोबत सिंधीही होती. मराठी अंबरनाथ आणि सिंधी उल्हासनगर येथे एकाच हद्दीत शेजारी आहेत, जसे ते प्रत्यक्षात आहेत. गंमत अशी की वहीत हे नाव साठवताना आजही रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात लिहावे लागते. माणसासाठी नाव, यंत्रासाठी खूण: बॅरेक नंबरचा नियम येथेही सुटलेला नाही.

२७/
अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलाहारकालीन कोरीव लेख आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या सुमाराचा. कोणाच्या कारकिर्दीत काय घडले, हे त्यामुळे आज साडेनऊशे वर्षांनंतरही सांगता येते. नेम सर्व्हरवर 'रिलोड' दिले की कालची वही स्मरणातून पुसली जाते. जुनी प्रत कोणी तारखेनिशी जपली नसेल, तर तो पत्ता कधी काळी होता याचाही पुरावा उरत नाही. दुरून हुकूम देणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात, एवढेच इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगेन: किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नये, अनुक्रमांक वाढवावा, आणि जुनी वही फाडू नये.

२८/
जाता जाता एक विनंती. उल्हासनगरच्या जुन्या घरांत १९५० ते १९७० मधील 'कॅम्प' आणि 'बॅरेक' क्रमांकांचे पत्ते असलेली पाकिटे, शिधापत्रिका, भाडेपावत्या असतील, तर त्या टाकून देऊ नका. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा आणि कोणत्या वर्षी बॅरेकला सोसायटीचे वा रस्त्याचे नाव मिळाले, ते घरातील ज्येष्ठांना विचारून खाली प्रतिसादात लिहा. नाव आणि क्रमांक यांची सांगड कोणीतरी लिहून ठेवली, तरच पत्र पोहोचते.

धागा समाप्त.